इस्रायलची राजधानी कोणती? सोसायटीत यावरून भांडण लागलंय, जाणकारांनी सांगा

इंदिरानगरकर:

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण मदत करा, परवापासून मला लिफ्टमध्ये शिरायची चोरी झालीये.

आमच्याकडे गणपतीत दरवर्षी प्रश्नमंजूषा असते. यंदा प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ए विंग आणि सी विंग बरोबरीत, शेवटचा प्रश्न, दहाला स्पीकर बंद करायचा म्हणून सेक्रेटरी मागून घड्याळ दाखवतायत, आणि मी घाईघाईत विचारलं, इस्रायलची राजधानी कोणती. ए विंगच्या दहावीतल्या पोराने ताट वाजवलं (बझर म्हणजे आमच्याकडे स्टीलचं ताट) आणि सांगितलं जेरुसलेम. माझ्या कागदावर पण जेरुसलेम. दिले गुण, टाळ्या झाल्या. तेवढ्यात सी विंगचे एक काका उठले, रिटायर्ड मास्तर आहेत, काही न बोलता वर घरी गेले आणि जुना ॲटलास घेऊन खाली आले. त्यात तेल अवीव! वर म्हणे, भारताची वकिलात तेल अवीवला आहे, मग आपल्या सरकारला काय कळत नाही का? मग कोणीतरी म्हणालं जेरुसलेम इस्रायलचं नाहीच, ते यूनोचं आहे. एकाने मोबाईल काढला, दुसऱ्याने काढला, दोघांना वेगवेगळं सापडलं. प्रसाद वाटायचा राहिला.

बक्षीस म्हणजे कॅसरोलचा तीनचा सेट आहे, काही सोनं नाही, पण आता इज्जतीचा प्रश्न झालाय. बरोबर उत्तर काय तेवढं सांगा. आणि ७५ वर्षं उलटली तरी एक शहर कोणाचं एवढं साधं ठरत कसं नाही हे पण कोणी समजावून सांगेल का? राजकारण नको प्लीज, माहिती हवी.

चौथा_अटेम्प्ट:

दादा, जेरुसलेमबद्दल विचारायचं आणि राजकारण नको म्हणायचं, म्हणजे रस्सा नको म्हणून मिसळ मागवायची. पण प्रयत्न करतो, अभ्यासिकेत बसून कंटाळा आलाच आहे.

इस्रायलचा कारभार कुठून चालतो असं विचारलंत तर जेरुसलेममधून, यात वादच नाही. संसद तिथे, पंतप्रधानांचं घर तिथे, सुप्रीम कोर्ट, परराष्ट्र खातं सगळं तिथे, संरक्षण खातं तेवढं तेल अवीवला. तेल अवीव १९४८ च्या मे पासून १९४९ च्या डिसेंबरपर्यंत तात्पुरतं ठाणं होतं, मग त्यांनी जेरुसलेम ही आपली राजधानी असं जाहीर करून संसद तिकडे हलवली. मग ॲटलासवाले तेल अवीव का छापायचे? कारण बाकीच्या जगाने ते मान्यच केलं नाही, वकिलाती तेल अवीवला ठेवल्या, आणि जिथे वकिलाती ती राजधानी असा लोकांचा समज झाला.

मान्य का नाही केलं, तर त्याला १९४७ ला जावं लागतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला यूनोच्या आमसभेने ठराव १८१ केला. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाईनची फाळणी, एक ज्यू राष्ट्र, एक अरब राष्ट्र, आणि जेरुसलेम, बेथलेहेम धरून, दोघांनाही नाही. ते यूनोच्या देखरेखीखाली वेगळं ठेवायचं. म्हणजे तुमच्या सोसायटीतला तो यूनोवाला माणूस अगदीच हवेत बोलत नव्हता. मतं ३३ विरुद्ध १३, तटस्थ १०. भारत विरोधात होता. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, ठरावाआधी यूनोने ११ देशांची समिती पाठवलेली, भारत तिच्यात होता, आणि भारत, इराण, युगोस्लाव्हिया या तिघांनी वेगळा अहवाल दिला की फाळणी नको, एकच संघराज्य करा आणि त्याची राजधानी जेरुसलेम ठेवा. स्वतःच्या फाळणीचा धुरळा बसला नव्हता तेव्हाची गोष्ट आहे ही.

यूनोचं शहर काही झालंच नाही. १९४८ मध्ये इस्रायल आणि अरब देशांत लढाई झाली, शहराचा पश्चिम भाग इस्रायलकडे राहिला, पूर्व भाग, तटबंदीतलं अख्खं जुनं शहर धरून, जॉर्डनकडे गेला. आता हे ऐका. ३० नोव्हेंबर १९४८ ला दोन्हीकडचे कमांडर नकाशा जमिनीवर पसरून बसले. इस्रायलच्या मोशे दायानने हिरव्या पेन्सिलीने आपली रेघ मारली, जॉर्डनच्या अब्दुल्ला अल-तलने लाल पेन्सिलीने आपली. पेन्सिली मेणाच्या, जाड. नकाशा १:२०,००० चा. रेघ ३-४ मिलिमीटर रुंद पडली, म्हणजे जमिनीवर ६० ते ८० मीटर! त्या रेघेच्या जाडीखाली घरं होती, गल्ल्या होत्या. दोन रेघांच्या मधली जागा कोणाचीच नाही हे ठरलेलं होतं, पण रेघेच्या आतल्या जागेचं काय, यावर पुढे १९ वर्षं तक्रारी चालल्या. आपल्याकडे बांधावरून कोर्टात जातात, इथे बांधाच्या जाडीवरून.

त्या १९ वर्षांत ज्यूंना त्यांच्या पश्चिम भिंतीपाशी (जुन्या शहरातली त्यांची प्रार्थनेची पवित्र जागा) जाता येत नव्हतं, युद्धबंदीच्या करारात लिहिलेलं असूनही. मग १९६७ चं युद्ध, ७ जूनला इस्रायलने जुनं शहर घेतलं, आणि त्याच महिन्याअखेर नगरपालिकेची हद्द वाढवली. जॉर्डनच्या वेळी पूर्व जेरुसलेम जेमतेम ६ चौरस किलोमीटर होतं, यांनी आजूबाजूची खेडी धरून ७० चौरस किलोमीटर आत घेतलं. आज जे पूर्व जेरुसलेम म्हणतात ते हे सगळं.

सरळसोट:

एवढं पाल्हाळ कशाला. देशाची राजधानी देश ठरवतो. उद्या कोणी म्हणेल आम्ही दिल्ली मानत नाही, म्हणून दिल्ली बदलते का? उत्तर जेरुसलेम, कॅसरोल ए विंगला द्या, विषय संपला.

चौथा_अटेम्प्ट:

@सरळसोट भाऊ, दिल्ली भारताची आहे याबद्दल कोणाचा वाद नाही म्हणून ते उदाहरण लागू पडत नाही. राजधानी कुठे करायची हा देशाचा प्रश्न, बरोबर, पण ती जमीन तुमची आहे का हा एकट्या देशाचा प्रश्न नसतो, युद्धात घेतलेली असली तर मुळीच नसतो.

इस्रायलने ३० जुलै १९८० ला कायदा केला की अखंड जेरुसलेम हीच राजधानी. तीन आठवड्यांत सुरक्षा परिषदेचा ठराव ४७८ आला, हा कायदा निरर्थक, आणि ज्यांच्या वकिलाती जेरुसलेममध्ये आहेत त्यांनी त्या हलवाव्यात. १४ विरुद्ध ०, अमेरिका तटस्थ. तेव्हा १३ देशांच्या वकिलाती तिथे होत्या, सगळ्या तेल अवीवला आल्या. नंतर कोस्टा रिका आणि एल साल्वाडोर परत गेले, २००६ मध्ये पुन्हा बाहेर पडले. असा संगीत खुर्चीचा खेळ चाललेला असतो तिथे कायम.

अमेरिकेने स्वतः १९९५ मध्ये कायदा केला की आपली वकिलात जेरुसलेमला न्यायची, आणि मग क्लिंटन, बुश, ओबामा तिघेही दर सहा महिन्यांनी सही करून पुढे ढकलत राहिले. ट्रम्पने ६ डिसेंबर २०१७ ला मान्यता जाहीर केली आणि १४ मे २०१८ ला वकिलात उघडली. त्यावर आमसभेत विरोधाचा ठराव आला, १२८ विरुद्ध ९, ३५ तटस्थ. भारताने ठरावाच्या बाजूने म्हणजे अमेरिकेच्या निर्णयाविरुद्ध मत दिलं. ग्वाटेमाला, कोसोवो, होंडुरास वगैरे मोजके देश अमेरिकेच्या मागून गेले. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये पश्चिम जेरुसलेमला मान्यता दिली आणि २०२२ मध्ये परत घेतली.

ब्रिटन, फ्रान्सचं बघा, त्यांची कॉन्सुलेट जेरुसलेममध्येच आहेत पण ती इस्रायलकडे नेमलेली नाहीत आणि पॅलेस्टाईन राष्ट्राकडेही नाहीत. नुसती त्या शहरात आहेत. १९४७ चा तो न झालेला कारभार अजून कागदावर जपून ठेवल्यासारखं.

आणि भारत: इस्रायलला मान्यता १९५० मध्ये, पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये, वकिलात तेल अवीवला. पॅलेस्टाईनला मान्यता १९८८ मध्ये, कार्यालय पॅलेस्टिनींच्या रामल्ला शहरात. जेरुसलेममध्ये दोघांसाठीही काही नाही. आधी आपण 'पूर्व जेरुसलेम ही पॅलेस्टाईनची राजधानी' असं स्पष्ट म्हणायचो, २०१७ पासून निवेदनात ते शब्द गाळले जातात. दोन राष्ट्रं व्हावीत एवढं म्हणतो.

@इंदिरानगरकर, आयोगाच्या पेपरात हा प्रश्न आला असता ना, तर पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती पडून दुसऱ्या उत्तरतालिकेत प्रश्न रद्द झाला असता. अनुभवाने सांगतोय.

द्राक्षबाग_निफाड:

राम राम मंडळी. मी अभ्यासक नाही, बागायतदार माणूस, पण जाऊन आलेलो आहे म्हणून लिहितो. २०१८ च्या मे महिन्यात तेल अवीवला शेतीचं मोठं प्रदर्शन होतं, ॲग्रीटेक, त्याला आमच्या भागातले तीसेक जण गेल्तो, खरड छाटणी उरकून. ड्रिप बघितलं, सेन्सर बघितले, सांडपाणी शुद्ध करून शेतीला कसं देतात ते बघितलं, आणि शेवटचा एक दिवस टूरवाल्याने जेरुसलेम टाकलेलं. तो दिवस निघाला शुक्रवार. आणि तो पण कसला शुक्रवार, रविवारी त्यांचा जेरुसलेम दिवस होता, १९६७ ला शहर घेतल्याचा, आणि सोमवारी अमेरिकेची वकिलात उघडणार होती. रस्त्यात खांबाखांबावर झेंडे, आणि वकिलातीकडे जायच्या नव्या कोऱ्या पाट्या.

तेल अवीवपासून साठेक किलोमीटर, शेवटी बस चढत जाते, आपल्याला कसाऱ्याची आठवण येते. वर गेलं की सगळ्या बिल्डिंगा एकाच फिकट पिवळ्या दगडाच्या, दवाखाना असो का मॉल. गाईड म्हणाला ब्रिटिशांनी नियम केला, तो यांनी पण चालू ठेवला. जुनं शहर म्हणजे तटाच्या आत एक चौरस किलोमीटर पण नाही, अडीचशे एकराच्या आतच. त्यात चार मोहल्ले, मुस्लिम, ख्रिश्चन, आर्मेनियन, ज्यू.

आधी भिंतीपाशी नेलं. एअरपोर्टसारखी तपासणी. पुरुषांना डोकं झाकावं लागतं, टोप्या तिथे फुकट मिळतात, पण आमच्यातल्या दोघांच्या गांधी टोप्या होत्याच डोक्यावर, त्यांना कोणी काही म्हटलं नाही. लोक दगडांच्या फटीत चिठ्ठ्या घालतात. आमच्या एकाने पण घातली, काय मागितलं विचारलं तर म्हणे बेदाण्याला भाव.

मग मान वर केली. ही भिंत म्हणजे वरच्या आवाराची आधारभिंत आहे. वर अल-अक्सा मशीद आणि तो सोन्याचा घुमट, आणि ज्यू म्हणतात आमचं प्राचीन मंदिर तिथेच होतं. भिंत एकच, खालून यांची पूजा, वरून त्यांची. बाजूने एक लाकडी रॅम्प वर जातो, आम्ही निघालो तर बंद. शुक्रवार-शनिवार मुसलमान सोडून बाकीच्यांना वर सोडत नाहीत. बाकी दिवशी पण ठरावीक तासच, आणि वर जाऊन नुसतं बघायचं, प्रार्थना करायची ती फक्त मुसलमानांनी. गाईड म्हणाला दारात पोलीस आमचे, आतले रखवालदार जॉर्डनच्या पगारावर. मला वाटलं चेष्टा करतोय, पण नाही, खरंच तसं आहे.

दुपारी त्या बोळांत आम्ही अडकलो ते सांगतो. नमाज सुटली आणि हजारो माणूस एकदम बाहेर, दमिश्क दरवाजाकडे. त्याच बोळातून थोड्या वेळाने तपकिरी झगे घातलेले ख्रिश्चन साधू गात गात निघाले, येशूला क्रूस घेऊन नेला ती वाट, दर शुक्रवारी निघतात म्हणे. आणि संध्याकाळी भोंगा वाजला, आपल्याकडे कारखान्याचा वाजतो तसा, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, लागला, की काळे कोट घातलेली माणसं लेकरांना हाताला धरून भिंतीकडे झपाझप. एकाच बोळात एकाच दिवशी तीन गर्द्या, आणि मधे हातगाडीवर तिळाची लांबट पाव विकणारा पोरगा, तो तिन्ही वेळा तेवढाच शांत.

आमचा गाईड तेल अवीवचा ज्यू आणि बस ड्रायव्हर पूर्व जेरुसलेमचा अरब. दोघं दिवसभर हिब्रूत गप्पा मारत होते, हसत होते. पण त्या दमिश्क दरवाजाला गाईड म्हणायचा शआर श्खेम, ड्रायव्हर म्हणायचा बाब अल-अमूद, आणि आमच्या कागदावर इंग्रजीत तिसरंच. मी ड्रायव्हरला मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, तू इस्रायलचा का? तो म्हणाला, टॅक्स भरताना हो.

शरणपूर_रोड:

वा निफाडवाले काका, मस्त लिहिलंत. मी पण भर घालते. आईला घेऊन २०१९ मध्ये वसईच्या ग्रुपबरोबर गेले होते. आमच्या मराठी बायबलात 'यरुशलेम' लिहितात, त्यामुळे आई पूर्ण ट्रिपभर यरुशलेमच म्हणत होती आणि आमचा गुजराती टूर मॅनेजर तिला दुरुस्त करत होता.

सगळे इस्रायल-पॅलेस्टाईन धरून बसतात पण त्या शहरात एका छताखाली सुद्धा वाटण्या आहेत हे पाहून मी थक्क झाले. येशूचं थडगं जिथे मानतात ते पवित्र कबरीचं चर्च सहा पंथांचं आहे: ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन, सीरियन. आम्ही प्रोटेस्टंट, आमचा त्यात वाटाच नाही, त्यामुळे मी निवांत बघत होते. कुठला दिवा कोणी लावायचा, कुठली पायरी कोणी झाडायची हे ठरलेलं आहे. ऑटोमन सुलतानाने १८५२ मध्ये फर्मान काढलं की आत्ता जसं आहे तसंच ठेवा, त्यालाच 'स्टेटस को' म्हणतात, आणि मग ब्रिटिश आले, जॉर्डन आलं, इस्रायल आलं, त्याला कोणी हात लावला नाही. दर्शनी बाजूला वर खिडकीखाली एक छोटी लाकडी शिडी टेकवलेली आहे, अठराव्या शतकातल्या चित्रात पण ती तिथेच दिसते. हलवायची तर सगळ्यांची परवानगी लागते, म्हणून तिथेच.

हसू नका, २००२ मध्ये छतावर एका कॉप्टिक साधूने ऊन लागतं म्हणून खुर्ची सावलीत सरकवली, तर इथिओपियन साधूंना ते अतिक्रमण वाटलं आणि अशी मारामारी झाली की ११ जण हॉस्पिटलात. थडग्यावरची छोटी इमारत ब्रिटिशांनी १९४७ मध्ये लोखंडी गर्डर लावून आवळून ठेवलेली, पडायला आली होती, पण दुरुस्ती करायला तिन्ही मोठ्या पंथांचं एकमत व्हायला २०१६ उजाडलं.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. चर्चच्या मुख्य दाराची किल्ली मुसलमान घराण्याकडे आहे. एका घराण्याकडे किल्ली सांभाळायची, दुसऱ्याकडे दार उघडायचं काम, शेकडो वर्षं, पिढ्यानपिढ्या. पहाटे शिडी लावून वरचं कुलूप उघडतात. ख्रिश्चन पंथांपैकी कोणाच्या हातात किल्ली गेली तर बाकीच्यांना चालणार नाही ना, म्हणून.

आपल्या नाशिककरांना हे नवीन वाटायला नको खरं तर. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात आणि वैष्णव इथे रामकुंडात, हे पण पेशवाईत स्नानाच्या मानावरून साधूंमध्ये रक्तपात झाला म्हणूनच ठरलेलं. अजून कुठला आखाडा आधी, कोण मागून, किती वाजता, सगळं ठरलेलं असतं आणि प्रशासन त्याला हात लावत नाही.

जुनं_नाशिक:

ताई, किल्लीचं आवडलं, पण सिंहस्थाची तुलना अर्धीच बसते. रामकुंडावर कोण आधी उतरणार यावर भांडण होऊ शकतं, पण भांडणारे दोघंही याच देशाचे नागरिक, दोघांना मत आहे, दोघं एकाच कोर्टात जाणार. तिथे मूळ दुखणं तेच आहे जे काकांच्या ड्रायव्हरने एका वाक्यात सांगितलं.

१९६७ नंतर जमीन आत घेतली पण माणसं नागरिक म्हणून आत घेतली नाहीत. पूर्व जेरुसलेमच्या पॅलेस्टिनींना कायम रहिवासी केलं, निळं ओळखपत्र दिलं. महापालिकेला मत देता येतं, बहुतेक जण देत नाहीत कारण दिलं तर इस्रायलचा हक्क मान्य केल्यासारखं होतं. संसदेला मत देता येत नाही. नागरिकत्वाचा अर्ज करता येतो पण करणारे थोडे आणि मिळवणारे त्याहून थोडे. आणि शहराबाहेर काही वर्षं राहिलात, नोकरीला, शिकायला, लग्न होऊन, तर तुमच्या आयुष्याचं केंद्र इथे नाही म्हणून रहिवास रद्द होऊ शकतो. १९६७ पासून १४ हजारांहून जास्त लोकांचा झालाय. विचार करा, आपला पोरगा पुण्याला नोकरीला गेला आणि परत आल्यावर कळलं की आता तो नाशिकचा नाही. शहराच्या साधारण दहा लाख वस्तीत चाळीस टक्के हे लोक आहेत, ही काय थोडीथोडकी माणसं नाहीत.

दुसऱ्या बाजूचं पण सांगतो, नाहीतर कोणीतरी येईलच. १९४८ मध्ये जुन्या शहराचा ज्यू मोहल्ला पडला तेव्हा तिथले सगळे ज्यू बाहेर काढले गेले, त्यांची सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिरं, पाडली गेली, आणि १९ वर्षं भिंतीचं तोंड बघायला मिळालं नाही. म्हणून शहर पुन्हा विभागायचं म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो, ते मला समजतं. पण ६७ ला भिंत मिळाल्यावर पहिलं काय केलं, तर समोर मोकळी जागा हवी म्हणून मगरिबी मोहल्ला काही दिवसांत भुईसपाट केला. शेकडो वर्षांची वस्ती होती. आज काका जिथे उभे राहिले ते पटांगण म्हणजे ती जागा.

वरच्या आवाराचं असं की ते जॉर्डनच्या वक्फकडे ६७ नंतरही राहिलं. दायानने (तोच हिरव्या पेन्सिलवाला) घुमटावर चढवलेला इस्रायलचा झेंडा स्वतः उतरवायला लावला. १९९४ च्या इस्रायल-जॉर्डन करारात जॉर्डनची खास भूमिका लेखी आली. गंमत म्हणजे इस्रायलच्या मुख्य रब्बींनीच, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनीच, ज्यूंना वर जाऊ नका सांगितलेलं आहे, कारण मंदिराच्या अतिपवित्र जागेवर चुकून पाय पडेल. हल्ली मात्र तिथे जाणारे आणि प्रार्थनाही करणारे वाढलेत, आणि दरवेळी ठिणगी तिथेच पडते. सप्टेंबर २००० मध्ये इस्रायलचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते शेरॉन तिथे गेले आणि दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इस्रायल-पॅलेस्टाईनची बोलणी फिसकटली त्यात हे आवार मोठं कारण होतं. या दोघांतल्या ओस्लो करारात तर १९९३ लाच जेरुसलेमचा प्रश्न सगळ्यात शेवटी बोलू म्हणून बाजूला ठेवलेला. ते शेवटी अजून आलेलं नाही.

आमच्या घरात आजी बैतुल मुकद्दस म्हणायची, जेरुसलेम शब्द तिला माहीतच नव्हता. आधीचा किबला, म्हणजे नमाजाची दिशा, तोच ना. माझे मामा जॉर्डनवरून पूल ओलांडून जाऊन आले, पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, वेगळी चिठ्ठी देतात. ते सांगत होते की हमरस्त्यावरच्या पाट्यांवर अरबीत आधी 'उर्शलीम' लिहिलंय आणि त्याला जोडून 'अल-कुद्स', म्हणजे अरबांचं स्वतःचं नाव. अरबी बोलणारा कोणी त्याला रोजच्या बोलण्यात उर्शलीम म्हणत नाही. पाटीवर सुद्धा आधी ज्यूंचं नाव.

एक आपल्याकडची गोष्ट, जुन्या शहरात हेरोडच्या दरवाजाजवळ हिंदी सराई आहे, झाविया अल-हिंदी. सूफी संत बाबा फरीद सुमारे १२०० साली तिथे राहून इबादत करायचे असं मानतात. १९२४ पासून सहारनपूरहून आलेल्या एका कुटुंबाकडे ती आहे, आत लिंबाची झाडं, दारावर भारताचं नाव, मामांना तिथे चहा मिळाला आणि तो सुद्धा दूध घालून. मामा म्हणे पूर्ण प्रवासात तेवढाच रडलो.

सरळसोट:

@जुनं_नाशिक ठीक आहे, मुद्दा पोचला. पण मग पॅलेस्टाईनची राजधानी कोणती असा प्रश्न असता तर?

चौथा_अटेम्प्ट:

ते म्हणतात पूर्व जेरुसलेम, कारभार रामल्लातून. म्हणजे बघा, एकाची राजधानी ताब्यात आहे पण जग मानत नाही, दुसऱ्याची जग मानतं पण ताब्यात नाही. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला दिला की पूर्व जेरुसलेम धरून सगळा ताबा बेकायदेशीर आहे, पण तो सल्ला आहे, बंधनकारक निकाल नाही. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेची राजधानी विचारू नका म्हणजे झालं, तिथे अधिकृत तीन आहेत.

इंदिरानगरकर:

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मास्तरांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी हिरव्या पेन्सिलीचा भाग दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, ॲटलास १९८८ चा आहे, ते मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. पण हट्ट सोडला नाही, म्हणाले तू 'इस्रायल कुठल्या शहराला राजधानी म्हणतं' असं विचारायला हवं होतंस, प्रश्नच चुकलाय. हे मला मान्य आहे. चौथा_अटेम्प्टचं ऐकून प्रश्न रद्द केला, रविवारी पुन्हा एक प्रश्न विचारणार, या वेळी नद्यांवरचा.

द्राक्षबाग_निफाड:

नद्यांवरचा नका विचारू, जायकवाडीच्या पाण्यावरून दुसरं भांडण लागेल. आणि तोवर कॅसरोल कुठंय?

इंदिरानगरकर:

सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात. सेक्रेटरी सी विंगचे म्हणून ए विंगला चालत नाहीत, मी ए विंगचा म्हणून सी विंगला चालत नाही. किल्ली वॉचमनकाकांकडे दिलीये.